फिलाडेल्फियाचा साउंड: गॅम्बल आणि हफ यांनी नेमके काय केले?

प्रश्न असा आहे की, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय) संगीताच्या शेकडो रेकॉर्डवर केनी गॅम्बल आणि लिऑन हफ ही दोन नावे गीतकार-संगीतकार म्हणूनही छापलेली दिसतात आणि निर्माते म्हणूनही; तेव्हा त्या दोघांनी प्रत्यक्षात काय केले, आणि ज्याला 'फिलाडेल्फियाचा साउंड' म्हणतात तो त्यांचा की त्यांच्या वादकांचा? विचारणाऱ्याने पुढे शंकाही जोडली आहे की, डेट्रॉइटच्या, म्हणजे मोटाउन कंपनीच्या, गाण्यावर व्हायोलिनचा ताफा चढवला की फिलाडेल्फिया तयार होत असावे. मी गेली तीस वर्षे मुंबईत अरेंजरचे, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ लिहिण्याचे, काम करतो, आणि या शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण ती चूक मी स्वतः करून बसलेलो आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिंगलसाठी मला 'सत्तरच्या दशकातले फिलाडेल्फिया' करून मागितले होते. मी आधी व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांचे नोटेशन मोठ्या हौसेने लिहून काढले आणि रिदम त्याच्या मापाने नंतर बसवला. तयार झालेली चीज ऐकायला गोड होती आणि जागची हलत नव्हती. काम परत आले, ते योग्यच झाले. त्यानंतर मूळ रेकॉर्ड कान देऊन ऐकल्या तेव्हा उमगले की, तिथे तंतुवाद्ये सर्वांत शेवटी आलेली आहेत आणि ती काढून घेतली तरी गाणे चालते, किंबहुना नाचते. मी इमारतीचे रंगकाम आधी करून मग भिंती बांधायला निघालो होतो.

गॅम्बल यांचा जन्म १९४३ चा, दक्षिण फिलाडेल्फियातला. हफ त्यांच्याहून वर्षभराने मोठे, डेलावेअर नदीच्या पलीकडच्या कॅम्डेनचे, म्हणजे कागदोपत्री न्यू जर्सी राज्याचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला दोघेही ब्रॉड स्ट्रीटवरच्या शुबर्ट बिल्डिंगमध्ये वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळ्या लोकांसाठी गाणी करत होते आणि लिफ्टमध्ये भेटत होते. १९६४ मध्ये एका रेकॉर्डिंगला हफ पियानो वाजवायला आले आणि ते गाणे गॅम्बल यांनी सहलेखक म्हणून केलेले होते, तिथून ओळख पक्की झाली. त्यानंतर कॅम्डेनला हफ यांच्या घरी पहिली सिटिंग झाली आणि एकाच बैठकीत बरीच गाणी झाली, असे दोघेही सांगत आले आहेत.

'सिटिंग' हा आपल्या मुंबईच्या चित्रपटसंगीतातला शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण त्यांची पद्धत आपल्या संगीतकार-गीतकारांच्या बैठकीशी बरीच जुळते. हफ पियानोवर एखादी स्वरावली किंवा डाव्या हाताची चाल धरून बसत, गॅम्बल शब्द आणि मुखडा गुणगुणत, आणि टेपरेकॉर्डर चालू असे. ढोबळ मानाने पियानो हफ यांचा आणि शब्द गॅम्बल यांचे असे म्हणता येते. पण ही वाटणी काटेकोर नव्हती, आणि एकाच्या तोंडून निघालेली ओळ दुसऱ्याच्या हातातला सूर बदलून टाकत असे. त्यांचे पहिले मोठे यश १९६७ चे, 'एक्स्प्रेसवे टू युवर हार्ट'. शहरातल्या स्कूल्किल एक्स्प्रेसवेवर गाड्यांच्या गर्दीत अडकून पडण्याच्या वैतागातून ते सुचले, आणि गाण्याच्या सुरुवातीला मोटारींचे हॉर्न ऐकू येतात. शहरातली एखादी ओळखीची कटकट उचलायची आणि ती प्रेमाच्या गाण्यात बसवायची, ही खोड त्यांना तेव्हापासूनची आहे.

१९६८ मध्ये इंट्रुडर्सचे 'काउबॉइज टू गर्ल्स' आणि १९६९ मध्ये जेरी बटलर यांचे 'ओन्ली द स्ट्राँग सर्व्हाइव्ह' गाजले, तरी स्वतःच्या छोट्या कंपन्या टिकेनात. नेपच्यून नावाचे लेबल त्यांनी शिकागोच्या चेस कंपनीच्या वितरणावर उभे केले आणि चेस विकली गेल्यावर तेही बुडाले. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीचे क्लाइव्ह डेव्हिस यांच्याशी करार होऊन फिलाडेल्फिया इंटरनॅशनल रेकॉर्ड्स सुरू झाली. कंपनीच्या अर्थकारणात मी फार शिरत नाही. एवढेच लक्षात ठेवायचे की, गाणे त्यांचे, निर्मिती त्यांची, वादक त्यांनी निवडलेले, आणि देशभर दुकानांत माल पोहोचवणारा हात मात्र न्यूयॉर्कचा. १९७२ मध्ये मोटाउन कंपनी डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिसला गेली आणि त्याच वर्षी ओजेज या गटाचे 'बॅक स्टॅबर्स' निघाले; सोलची गादी एका शहरातून दुसऱ्या शहरात कधी गेली हे सांगायचे झाले तर मी हेच वर्ष सांगेन.

आता मूळ मुद्दा. ही गाणी ध्वनिमुद्रित होत ती जागा म्हणजे नॉर्थ ट्वेल्फ्थ स्ट्रीटवरचा २१२ क्रमांकाचा सिग्मा साउंड स्टुडिओ, जो ध्वनिमुद्रक जो टार्सिया यांनी १९६८ मध्ये सुरू केला होता. तिथे येणारे वादक जवळपास ठरलेले: ड्रमवर अर्ल यंग, बेसवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस, बॉबी इलाय आणि रोलंड चेंबर्स, कॉंगावर लॅरी वॉशिंग्टन, ऑर्गनवर लेनी पाकुला, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) व्हिन्स मोंटाना, आणि पियानोवर बहुधा स्वतः हफ. तंतुवाद्ये व ब्रासचे वादक जमवण्याचे काम डॉन रेनाल्डो यांच्याकडे असे. या सगळ्यांना मिळून पुढे एमएफएसबी ('मदर फादर सिस्टर ब्रदर') हे नाव मिळाले.

गॅम्बल आणि हफ या मंडळींसमोर सगळे लिहून ठेवत नसत. कॉर्डचा कागद मिळे, हफ पियानोवर गाणे वाजवून दाखवत, गॅम्बल गाऊन दाखवत, आणि मग रिदमवाल्यांनी आपापली जागा शोधायची. हार्मनी आणि चाल ठरलेली, ठेका मोकळा. ज्याने कधी रिदम सेक्शनबरोबर काम केले आहे त्याला यातली जोखीम कळेल: ठेका मोकळा सोडला की चांगल्या वादकाकडून तुमच्या कल्पनेपेक्षा सरस काहीतरी येते, आणि सुमार वादकाकडून पूर्ण दुपार वाया जाते. निर्मात्याचे कसब इथे दोन गोष्टींत असते. एक म्हणजे कोणाला बोलवायचे, आणि दुसरी म्हणजे 'हेच, आता बदलू नका' हे कोणत्या क्षणी म्हणायचे. दुसऱ्या बाबतीत गॅम्बल यांचे कान फार तयार होते असे माझे मत आहे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण १९७३ चे 'द लव्ह आय लॉस्ट'. हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स या गटासाठी केलेले हे गाणे मुळात संथ, विरहाचे होते. स्टुडिओत ते जमेना, म्हणून लय वाढवून पाहिली, आणि अर्ल यंग यांनी जो ठेका धरला त्याने गाण्याचा जन्मच बदलला. पायाचा ड्रम चारही मात्रांवर सारखा पडतो, पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी असा भेद तिथे उरत नाही. आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, उघडून 'च्स' असा श्वास सोडते आणि लगेच मिटते. कान पायाच्या ठोक्यावर न ठेवता त्या 'च्स'वर ठेवून ऐकून पाहा, म्हणजे गाणे पुढे कोण ओढते आहे ते कळेल. पुढे डिस्को म्हणून जगभर जे वाजले त्याचे बी बहुतेक जाणकार याच ठेक्यात पाहतात. आणि शब्द मात्र अजूनही विरहाचेच आहेत. टेडी पेंडरग्रास हे खरे तर याच गटाचे ड्रमर. त्यांना पुढे आणून गायला लावले गेले होते. ते गमावलेल्या प्रेमाबद्दल घसा फोडून गात आहेत आणि खाली पाय नाचत आहेत, हा विसंवादच त्या गाण्याचा प्राण आहे. गाणे सहा मिनिटांच्या वर गेल्यामुळे सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची छोटी तबकडी, काढताना त्याचे दोन भाग करावे लागले.

क्रम असा असे: रिदम आधी, आवाज मग, आणि तंतुवाद्ये व ब्रास बहुधा शेवटी. आपल्याकडे नव्वदच्या दशकापर्यंत ताडदेवच्या हॉलमध्ये गायक, रिदम आणि गोव्याच्या वादकांनी भरलेला व्हायोलिनचा विभाग एकाच टेकमध्ये वाजत असे, त्यामुळे अरेंजरला सगळे आधीच कागदावर उतरवून न्यावे लागे. फिलाडेल्फियाच्या अरेंजरला हा फायदा होता की, गायकाने कुठे श्वास घेतला, कुठे ओळ लांबवली, कुठे मुद्दाम मागे राहिला, हे ऐकून मग तो व्हायोलिन लिहीत असे. तिथले अरेंजर बॉबी मार्टिन यांचे काम ऐकताना हे विशेष जाणवते: गायक बोलत असताना तंतुवाद्ये गप्प असतात किंवा एखादा लांब स्वर धरून असतात, आणि ओळ संपताच वर चढून उत्तर देतात. आपल्याकडचे जुने वादक याला ऑब्लिगाटो म्हणतात, फक्त इथे तो आधी ठरवलेला नसून ऐकून दिलेला आहे.

त्यात जागेचा हिशेबही आहे. गॅम्बल आणि हफ यांना प्रौढ, भरदार पुरुषी आवाज आवडत: जेरी बटलर, बिली पॉल, ओजेजचे एडी लेव्हर्ट, पेंडरग्रास, पुढे १९७६ मध्ये लू रॉल्स. असा आवाज मधल्या आणि खालच्या पट्टीत बसतो, म्हणून व्हायोलिन वरच्या सप्तकात नेली जातात, मधली पोकळी व्हायब्राफोन आणि दबक्या गिटारने हलकेच भरली जाते, आणि तळाला बेकर यांचा बेस सुरेल पण मोजकाच चालतो. माझ्या जिंगलमध्ये मी व्हायोलिन गायकाच्याच पट्टीत आणून बसवली होती, त्यामुळे दोघेही एकमेकांच्या अंगावर पडत होते. आज कोणी संगणकावर 'फिली स्ट्रिंग्ज' नावाचा तयार आवाज उचलून हेच करतो तेव्हा मला हसू येत नाही, माझीच आठवण येते.

व्हायोलिनची चर्चा चाललीच आहे तर सांगण्यासारखी एक गोष्ट अशी की, 'फिलाडेल्फिया साउंड' हा शब्दप्रयोग सोलच्या आधीपासून रूढ होता. लिओपोल्ड स्टोकोव्स्की आणि त्यांच्यानंतर यूजीन ऑर्मंडी यांच्या काळात फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या तंतुवाद्यांच्या दाट, मखमली नादाला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे रसिक हेच म्हणत. म्हणजे उत्तम व्हायोलिनवादक त्या शहरात मुबलक होते. गॅम्बल आणि हफ यांनी नवे काही आयात केले नाही. शहराच्या दोन टोकांना असलेली दोन संगीते त्यांनी एका टेपवर आणली.

येथे तिसऱ्या माणसाचे नाव घेतलेच पाहिजे: थॉम बेल. जमैकात जन्मलेले बेल हे गॅम्बल यांचे जुने साथीदार. 'रोमिओज' या गॅम्बल यांच्या गटात आधी पियानोवर तेच होते, हफ नंतर आले. डेल्फॉनिक्स, स्टायलिस्टिक्स आणि स्पिनर्स या गटांची कामे बेल यांची आहेत, आणि पुष्कळ जण ती गॅम्बल-हफ यांच्या खात्यावर टाकतात. वादक तेच, स्टुडिओ तोच, पण पद्धत उलटी: बेल जवळपास सगळे लिहून आणत, आणि त्यांचा जीव उंच, कोवळ्या पुरुषी आवाजात रमत असे. स्टायलिस्टिक्सच्या १९७४ मध्ये गाजलेल्या 'यू मेक मी फील ब्रँड न्यू' या गाण्याच्या सुरुवातीला सतारीसारखे जे वाजते ती इलेक्ट्रिक सतार, म्हणजे मुळात गिटारच. तिच्या घोडीची घडण अशी असते की तार झणझणते. मिरजेच्या कारागिराने त्या जवारीला जवारी म्हटले असते की नाही याबद्दल मला शंका आहे, पण त्या गाण्यात ती शोभते. बेल यांचा गौरव करूनही मी म्हणेन की, शहराला ओळख देणारी गाणी गॅम्बल आणि हफ यांचीच, कारण बेल यांचे संगीत एकट्याच्या टेबलावर तयार होते आणि या दोघांचे खोलीत जमलेल्या माणसांमध्ये.

शब्दांकडे वळू. १९७२ च्या डिसेंबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर असलेले 'मी अँड मिसेस जोन्स' हे बिली पॉल यांनी गायलेले गाणे गॅम्बल आणि हफ यांनी कॅरी गिल्बर्ट यांच्यासह लिहिले. कार्यालयाच्या इमारतीतल्या बारमध्ये रोज ठरावीक वेळी एक पुरुष आणि एक स्त्री भेटत, आणि त्यांच्याकडे पाहून ते सुचले, असे दोघांनी सांगितले आहे. गाण्यात रोजचा तोच कॅफे आहे आणि साडेसहाची वेळ आहे; पाप-पुण्याचा निवाडा नाही. सुरुवातीला सॅक्सोफोन जी ओळ वाजवतो ती 'सीक्रेट लव्ह' या पन्नासच्या दशकातल्या लोकप्रिय गाण्याची आहे. एक शब्दही उच्चारला जाण्याआधी जाणत्या श्रोत्याला कळते की, इथे चोरून चाललेल्या प्रेमाची गोष्ट आहे. आपल्याकडे एखादा सनईवाला नेमक्या क्षणी नेमक्या गाण्याची ओळ घेऊन मांडवात हशा पिकवतो, त्याच जातीची ही खोडी आहे.

त्याच गायकाचे पुढचे सिंगल म्हणून त्यांनी 'अॅम आय ब्लॅक इनफ फॉर यू?' हे गाणे काढले आणि ते आपटले. नाजूक प्रेमगीतावर लुब्ध झालेल्या श्रोत्यापुढे लगेच वंशाभिमानाचा सवाल ठेवला गेला. गाणे चांगले आहे, वेळ चुकली, आणि त्याची किंमत बिली पॉल यांनी मोजली. गॅम्बल यांच्यात एक प्रवचनकार होता. रेकॉर्डच्या वेष्टनावर ते समाजाला उद्देशून मजकूर लिहीत, आणि 'संदेश संगीतातच आहे' हे कंपनीचे घोषवाक्य होते. काही गाण्यांत हा उपदेश जड होतो, हे मान्य केले पाहिजे. पण ओजेजच्या 'फॉर द लव्ह ऑफ मनी' मध्ये तो होत नाही, कारण पैशाच्या मोहाबद्दल जे सांगायचे ते आधी बेसच सांगतो. अँथनी जॅक्सन तेव्हा जेमतेम विशीतले होते. त्यांच्या बेसचा आवाज फेझर आणि एको यांतून असा फिरवला आहे की, तो पाण्याखालून वर येऊन पुन्हा बुडाल्यासारखा वाटतो. गाण्याच्या लेखकांत गॅम्बल आणि हफ यांच्या जोडीने जॅक्सन यांचेही नाव आहे, आणि ते न्याय्य आहे, कारण तो बेस काढला तर गाण्याची निम्मी ओळख जाते.

पण मग प्रश्न उभा राहतोच: यंग यांच्या ठेक्याचे काय? गिटारच्या जागांचे काय? श्रेयनामावलीत चाल आणि शब्द यांना मालकी असते, ठेक्याला नसते. हा नियम जगभर आहे आणि आपल्या उद्योगातही त्याने कित्येक वादकांना निनावी ठेवले आहे. 'सोल ट्रेन' या दूरदर्शन कार्यक्रमाची धून असलेले 'टीएसओपी' ('द साउंड ऑफ फिलाडेल्फिया') १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यावर वादकसमूहाचे नाव मोठ्या अक्षरांत होते, रचनाकार म्हणून मात्र गॅम्बल आणि हफ. पैशाच्या वाटणीवरून कुरबुरी वाढल्या, आणि १९७५ च्या सुमारास मोंटाना यांनी न्यूयॉर्कच्या सॅलसोल कंपनीसाठी नवा वाद्यवृंद उभारला, तेव्हा बेकर, हॅरिस आणि यंग हेही तिकडे वळले. त्याच सुमारास रेडिओवर गाणी वाजवून घेण्यासाठी पैसे दिल्याच्या आरोपावरून खटला झाला. १९७६ मध्ये गॅम्बल यांना २,५०० डॉलर दंड झाला आणि हफ यांच्यावरचे आरोप मागे घेण्यात आले. कंपनीला त्यानंतरही यश मिळाले, लू रॉल्स आणि एकटे गाऊ लागलेले पेंडरग्रास यांची गाणी खपली, पण नंतरच्या रिदममध्ये पूर्वीची ती ढिली, आतून हसणारी चाल मला ऐकू येत नाही. हे माझे मत आहे; कंपनीचे अरेंजर डेक्स्टर वॉन्सेल यांच्या त्या काळातल्या कामाचे चाहते ते मान्य करणार नाहीत.

साउंड दोघांचा की वादकांचा, याची पारख करायला दोन रेकॉर्ड उपयोगी पडतात. ऑगस्ट १९७४ मध्ये डेव्हिड बोवी सिग्मा स्टुडिओत 'यंग अमेरिकन्स' करायला आले. खोली तीच होती, पण ठरलेल्या वादकांपैकी जवळपास कोणीच त्यांना मिळाले नाही, लॅरी वॉशिंग्टन यांच्या कॉंगाचा अपवाद सोडून. अल्बम चांगला झाला, पण डोळे मिटून ऐकणारा कोणीही त्याला ओजेजचा शेजारी म्हणणार नाही. याउलट 'इफ यू डोन्ट नो मी बाय नाऊ' हे ब्लू नोट्सचे १९७२ चे, तीनच्या वजनावर झुलणारे गाणे मँचेस्टरच्या सिम्पली रेड या गटाने १९८९ मध्ये पुन्हा गायले. त्यात ना यंग होते, ना बेकर, ना ट्वेल्फ्थ स्ट्रीटची खोली, आणि तरी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले व त्या गाण्यासाठी गॅम्बल आणि हफ यांना लेखक म्हणून ग्रॅमी मिळाले. दोन्ही रेकॉर्ड एकापाठोपाठ ऐका. आणि मग ब्लू नोट्सचे मूळ गाणे लावून त्यात पेंडरग्रास यांची ओळ संपल्यावर व्हायोलिन आत यायला किती वेळ घेतात, तेवढेच मोजा.